नारळ कोणी फोडला? योग्य पर्याय निवडा

भोकरवाडीच्या नळाचा नारळ कोणी फोडला, हा प्रश्न प्रभाकर निसळांनी इंटरनेटवर टाकला तेव्हा त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटलंच नाही. गैर वाटायला माणूस एकतर भोकरवाडीचा असावा लागतो, नाहीतर शहाणा. निसळ पिंपळे सौदागरला राहत होते, म्हणजे पहिली शक्यता गेली. दुसरीबद्दल त्यांच्या पत्नीचं, चित्राबाईंचं मत त्या सहसा बाहेर बोलून दाखवत नसत.

चित्राबाई भोकरवाडीच्या विद्यालयात एकतीस वर्षं इतिहास शिकवत होत्या आणि एकतीस जानेवारीला निवृत्त व्हायच्या होत्या. भोकरवाडी महाळुंग्याच्या पलीकडे, चारी बाजूंनी कंपन्या आणि मधे गाव. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षांत पोरांनी मला एकच प्रश्न विचारला, मॅडम, हे परीक्षेला आहे का? उद्या मी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले ना, तरी खाली मान घालून वहीत उतरवतील. एकदा, जायच्या आधी एकदा तरी कुणी उभं राहून 'कशावरून?' म्हणावं. एवढंच राहिलंय हो माझं."

निसळांनी हातातली शेंग खाली ठेवली. कंपनीच्या क्वालिटी खात्यात तेहतीस वर्षं काढून ते नुकतेच घरी बसले होते आणि घरातल्या झाडून सगळ्या डब्यांना लेबलं लावून झाली होती. हिंगाच्या डबीवरही 'तपासणी झाली' असं लिहिलेलं होतं. हा प्रकार पोळपाट-लाटण्यापर्यंत पोहोचला तेव्हा वाकडला आयटीत असलेल्या मुलीनं, मधुवंतीनं, त्यांना वेबसाइट बनवायच्या सहा आठवड्यांच्या फुकट कोर्सला बसवलं. विद्या हाती होती, फक्त प्रयोजन मिळत नव्हतं. ते आता समोर मटार सोलत बसलं होतं.

"संवादी संकेतस्थळ!" निसळ म्हणाले. "जुन्या बातम्यांची फुटेज शोधायची, तुझ्या गावातली, आणि पोरांनीच ती बघायची. थांबवायची, मागं न्यायची, बटण दाबून उत्तर शोधायचं. बघतील तर विचारतील!"

"एकतीस तारखेच्या आत?"

"पंधरालाच देतो."

चित्राबाईंनी बाल्कनीकडे पाहिलं. बाल्कनीत टांगायचा झोपाळा सहा वर्षं बाल्कनीच्या भिंतीला टेकून उभा होता. त्या फक्त म्हणाल्या, "हे मात्र खरंच करा हं." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की निसळांना जरा भीतीच वाटली.

कामाला लागायचं म्हणून निसळांनी सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं : 'मला फुटेजची नितांत गरज आहे. कोणाकडे असल्यास कृपया द्यावे.' पाच मिनिटांत हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. 'काका, तुम्हाला फुटेज आम्ही नेहमीच देतो', 'एकटेच खाऊ नका', असं पोरं लिहू लागली. फुटेज ही खायची वस्तू झालेली आहे हे निसळांना कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सोसायटीचा सेक्रेटरी कुलदीप समक्ष घरी आला. हा मुलगा मार्केटिंगमध्ये होता आणि जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देण्याइतका वेळ त्याला मिळत असे. "काका, फुटेज खाणं म्हणजे भाव खाणं," तो म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

मग परवानगी. शाळेत दाखवायचं म्हणजे वरून मंजुरी हवी, असं मुख्याध्यापक भिमाजी सरांचं म्हणणं पडलं. सर निवांत गृहस्थ होते आणि आपल्या सहीनं काही घडू नये याची फार काळजी घेत. निसळ एका कचेरीत गेले. तिथल्या जयमालाबाईंनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "स्थळाचा सात-बारा कुठंय?"

"बाई, संकेतस्थळ आहे ते. संगणकातलं."

"कशातलं का असेना. स्थळ म्हटलं की जागा आली, जागा म्हटली की उतारा आला. क्षेत्रफळाचा रकानासुद्धा रिकामा सोडलाय तुम्ही."

निसळांनी क्षेत्रफळ 'शून्य' लिहिलं. शून्य क्षेत्राला मंजुरी देता येत नाही म्हणून अर्ज परत आला. तेहतीस वर्षांत एकाही मापाबद्दल खोटं न लिहिलेला हा माणूस रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं घरच्या लॅपटॉपला टेप लावली आणि 'चौदा इंच' असं लिहून दिलं. जयमालाबाईंनी शिक्का मारला. "एवढंच तर हवं होतं," त्या म्हणाल्या.

फुटेज निघाली चिंचवडात, ज्योतीरामच्या माळ्यावर. ज्योतीराम पूर्वी केबलवाला होता आणि दर शनिवारी केबलवर 'परिसर वार्ता' म्हणून तासभर बातम्या दाखवायचा. आता तो पाण्याचे फिल्टर विकत होता, पण कॅसेटी त्यानं टाकल्या नव्हत्या आणि त्या चालवायचं यंत्रही जपलं होतं. त्यात 'भोकरवाडी नळ, १९९४' अशी चिठ्ठी लावलेली कॅसेट सापडली तेव्हा निसळांना अक्षरशः भरून आलं. चित्राबाई नोकरीला लागायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. गावात पहिल्यांदा नळाला पाणी येतंय, बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या आहेत, मांडव घातलाय, निवेदक ज्यांना राऊअण्णा आणि धोंडूतात्या म्हणतोय ते दोन वयस्कर पुढारी पटके बांधून नळापाशी आलेत. दोघांचे हात नारळाकडे गेले, नारळ वर गेला आणि एकदम पाळण्यात झोपलेलं एक बाळ दिसायला लागलं.

"पिंकी," ज्योतीराम कौतुकानं म्हणाला. "माझी थोरली. बारशाला कोरी कॅसेट नव्हती राव हाताशी, मग ह्याच्यावरच घेतलं."

पुढचा पाऊण तास बारसंच होतं. घुगऱ्या वाटेपर्यंत निसळांनी धीर धरला, मग कॅसेट थांबवली. नारळ हवेत होता आणि तो खाली कोणी आणला हे कळायला मार्ग नव्हता. काम तर पुढं न्यायचं होतं. इथं कुलदीपचा सल्ला आडवा आला. "काका, उत्तर माहीत नाही ना? मग प्रश्नमंजूषा नको, पोल टाका. लोक तुटून पडतात."

निसळांनी टाकला. बायकोला चकित करायचं म्हणून तिला न दाखवताच टाकला. फीत नारळापाशी थांबायची आणि खाली प्रश्न यायचा : 'नारळ कोणी फोडला? अ) राऊअण्णा ब) धोंडूतात्या क) दोघांनी मिळून.' शेजारी टक्केवारीची रंगीत पट्टी. ज्याला जास्त मतं त्याच्यापुढं 'बरोबर' अशी हिरवी टिकली आपोआप उमटायची.

"अहो!" दुसऱ्या दिवशी शाळेतून चित्राबाईंचा फोन आला. "तुम्ही नारळाला हात लावलात?"

तेव्हा कुठं निसळांना इतिहास समजला. राऊअण्णा वरच्या आळीचे, धोंडूतात्या खालच्या आळीचे. दोघंही देवाघरी गेले, पण नारळ मागं ठेवून गेले. बत्तीस वर्षं दोन्ही आळ्या छातीवर हात मारून सांगत होत्या की तो मान आमचा. तेव्हापासून भोकरवाडीत कुठलंही उद्घाटन दोन नारळांनी होतं. भिमाजी सर शिट्टी वाजवतात आणि दोन्हीकडचे नारळ एकाच क्षणी आपटतात. एकदा एक नारळ अर्धा सेकंद आधी फुटला तर व्यायामशाळा दोन वर्षं बंद राहिली होती. एवढ्या कष्टानं जपलेली शांतता निसळांनी तीन पर्यायांत मोडून टाकली.

पहिल्या दिवशी दोन हजार मतं पडली. गावच मुळी एकोणीसशे वस्तीचं. वरच्या आळीची पोरं पहिल्या शिफ्टला होती, ती जेवणाच्या सुट्टीत मतं टाकायची. खालच्या आळीची दुसऱ्या शिफ्टला. त्यामुळं दुपारी दोनपर्यंत नारळ राऊअण्णांनी फोडलेला असायचा आणि रात्री दहानंतर धोंडूतात्यांनी. कंपनीतले परराज्यातले दोस्तसुद्धा दोस्तीखातर मतं देऊन जात होते. चौथ्या दिवशी अकरा हजार मतांवर संकेतस्थळ बसलं ते उठेचना. सर्व्हर बसला हे वाकडहून मधुवंतीनं समजावून सांगितलं, पण भोकरवाडीत बातमी वेगळीच गेली : निसळांनी मतमोजणी थांबवली.

रविवारी सकाळी चौदा मोटारसायकली आणि दोन काळ्या गाड्या सोसायटीच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. वॉचमननं प्रत्येकाची नोंद केली आणि 'भेटीचे कारण' या रकान्यात तेवीस वेळा 'नारळ' असं लिहिलं. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जागा दोनच, म्हणून कुलदीप खाली धावला, आणि भोकरवाडीकरांनी त्यालाच निसळ समजून दहा मिनिटं घेरून ठेवलं. त्यानंतर त्यानं सल्ला देणं बरंच कमी केलं.

वर हॉलमध्ये राऊअण्णांचा नातू गणराज एका सोफ्यावर बसला, धोंडूतात्यांचा नातू ज्ञानेश दुसऱ्या. बाकीचे उभे.

"साहेब, तुमी शिकलेली मानसं," गणराज म्हणाला. "आमच्या आज्याचा मान हाय त्यो. तुमी त्याला चव्वेचाळीस टक्क्यांवर आनून ठिवला व्हय?"

"आन् आमचे तात्या छप्पन्न!" ज्ञानेश म्हणाला. "साधा फर्स्ट क्लास न्हाई! गावात तोंड दाखवायचं कसं आमी?"

निसळांनी पाणी दिलं, चहा दिला, माफी मागितली. माफी दोन्ही सोफ्यांकडे सारखी बघून मागावी लागली. तासाभरानं भिमाजी सरांनी फोनवरून तोडगा काढला. पर्याय 'क' बरोबर धरायचा, म्हणजे दोघांनी मिळून. फीत नारळापाशीच थांबवायची. एकतीस तारखेला मॅडमच्या निरोपाच्या दिवशी नववीच्या वर्गात उद्घाटन करायचं, दोन नारळ, एक शिट्टी, आणि विषय संपला. सगळ्यांनी माना डोलावल्या. जाताना गणराज निसळांच्या पाया पडला म्हणून ज्ञानेशही पडला.

संकेतस्थळ मधुवंतीनं पुन्हा उठवून दिलं होतं आणि पाचच मिनिटांचं काम उरलं होतं. 'क'पुढं टिकली लावायची आणि पंधराचं नाही तरी एकतीसचं वचन पाळायचं. निसळ टिकली लावणार, तेवढ्यात निरोपाच्या तयारीतून एक भलतंच प्रकरण निघालं.

निवृत्त होणाऱ्यानं ताब्यातल्या वस्तू यादीप्रमाणे परत करायच्या असतात. चित्राबाईंकडे इतिहासाचं कपाट होतं. नकाशे, भिंगं, मातीचा किल्ला, आणि यादीत क्रमांक सत्तेचाळीस : 'व्हिडिओ कॅसेट, एक. पाहू नये.' आजवरच्या तीन मुख्याध्यापकांनी तिच्यापुढं सह्या केल्या होत्या. चित्राबाईंनीही एकतीस वर्षांपूर्वी नवखेपणी केली होती आणि विसरून गेल्या होत्या. या वेळी त्या सही करायला वाकल्या आणि थांबल्या. ज्योतीरामनं तेव्हा शाळेला बातमीची एक प्रत दिली होती, तीच ही. संध्याकाळी ती कॅसेट डब्याच्या पिशवीत बसून पिंपळे सौदागरला आली.

ज्योतीरामचं यंत्र घरी आणून दोघांनी ती लावली. नारळ वर गेला. पिंकी आली नाही. राऊअण्णांनी नारळ आपल्याकडे ओढला, धोंडूतात्यांनी आपल्याकडे ओढला, पाहुणे मधे पडले, आणि नारळ सगळ्यांच्या हातून सटकून घरंगळत बायकांच्या रांगेत गेला. रांगेच्या तोंडाशी विशीतली एक सून उभी होती, उन्हानं लाल झालेली. तिनं हंडा खाली ठेवला, नारळ उचलला, मांडवाकडे एकदा वैतागून पाहिलं, नळाखालच्या दगडावर एकाच दणक्यात नारळ फोडला, नळ सोडला आणि हंडा लावला. मागं दोघं पुढारी अजून एकमेकांच्या बाह्या धरून उभे होते.

निसळ आणि चित्राबाई आधी पोट धरधरून हसले. मग चित्राबाई पडद्याजवळ सरकल्या. "अहो, ही आमची सुमनताई! शाळेत खिचडी करते ती. एकतीस वर्षं तिच्या हातचा चहा पितेय मी."

"मग आता काय करायचं?" निसळांनी विचारलं. खरं म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हे दाखवलं तर निरोपाचा दिवस बोंबलणार. दोन्ही आळ्या एक होऊन मारायला उठतील, आणि चित्राच्या एकतीस वर्षांची सांगता पोलिसांच्या पंचनाम्यानं होईल. न दाखवावं तर पाच मिनिटांत काम पुरं.

"मी काही सांगणार नाही," चित्राबाई म्हणाल्या. "संकेतस्थळ तुमचं आहे."

बायको असं म्हणाली की नवऱ्याचे पर्याय किती उरतात हे सुज्ञांना सांगायला नको. तरीपण निसळ तीन दिवस त्या टिकलीपुढं बसून होते. एकदा लावली, काढली, पुन्हा लावली. वाकडा माल पास केला नाही म्हणून दोन बढत्या गेल्या होत्या त्यांच्या, आणि त्याचं वाईट आजही वाटत होतं. पण आज 'क' पास केला तर त्याहून वाईट वाटेल हे त्यांना समजलं. त्यांनी पोल काढून टाकला, पूर्ण फीत चढवली आणि उत्तराची जागा मोकळी ठेवली.

एकतीस तारखेला नववीच्या वर्गात पोरं पुढं आणि दोन्ही आळ्या मागच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. दोन नारळ फुटले. शिट्टी वेळेवर झाली. निसळांनी बटण दाबलं. फीत नारळापाशी आली, मागच्या बाकांनी समाधानानं पाय पसरले, आणि फीत थांबलीच नाही.

नारळ घरंगळला. फुटला. नळाचं पाणी हंड्यात पडायला लागलं.

भिमाजी सर खिडकीतून बाहेर बघत उभे होते, आपण या शाळेचे नाहीच अशा चेहऱ्यानं. गणराज बाकातून उठायला गेला, पण गुडघा अडकला.

"अगं बया!" दारातून आवाज आला. सुमनताई हातात खिचडीचा डाव घेऊन उभी होती. "ती म्या हाय की! बारीक व्हते न्हाई किती!"

गणराजचा चेहरा आधी पडला आणि मग त्याच्यावर हळूहळू उजेड पसरला. "सुमनआत्या! आवं, आमच्या आळीची लेक हाय ती! म्हंजी नारळ वरच्या आळीनंच फोडला!"

"कुठली लेक?" ज्ञानेश ओरडला. "लगीन झालं व्हतं तवा! माझी चुलती हाय ती! त्यो हंडा बगा, आमच्या घरचा हाय, आजूनबी माळ्यावर हाय!"

"रगात कुनाचं?"

"कुकू कुनाचं?"

दोन्ही आळ्या उभ्या राहिल्या. आमची लेक, आमची सून असा गलका सुरू झाला. बत्तीस वर्षं जिला कुणी काही विचारलं नव्हतं की खुर्ची दिली नव्हती तिच्यासाठी चार खुर्च्या पुढं आल्या. सुमनताईनं जरा वेळ मजा पाहिली, मग डाव उंच धरला. "आरं, पन खरं सांगू का? नारळ नासका निघाला व्हता."

गलका जागच्या जागी थांबला. शुभकार्याला नासका नारळ!

"तसं म्हनलं तर," गणराज घसा खाकरून म्हणाला, "लेक एकदा दिली की ती सासरची."

"व्हय, पन हाताचा गुन म्हायेरचाच आसतुया ना," ज्ञानेश म्हणाला. चार खुर्च्या हळूच मागं सरकल्या.

मधल्या रांगेतून एक हात वर आला. भाग्यश्री नावाची मुलगी, वर्षभरात एकदाही न बोललेली. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

"मॅडम, नासका होता हे कुठं दिसतंय?"

"म्हणजे?" चित्राबाईंनी विचारलं.

"सुमनमावशी सांगतात म्हणून धरायचं का? सर, जरा मागं घ्या ना. अजून. हां, थांबवा. ते बघा, हंड्यामागं. एक पोरगं खोबरं खातंय. नासकं असतं तर थुंकलं असतं ना?"

सगळा वर्ग पुढं वाकला. खरंच, हंड्यामागं नाकातून दोन धारा आलेलं पाचेक वर्षांचं पोर डोळे मिटून खोबरं चावत होतं. पुन्हा चालवलं, पोरानं दुसरा तुकडा उचलला.

"त्यो गणराज हाय," सुमनताई म्हणाली आणि खदखदा हसली. "हुशार गं माजी बाय! न्हाई, गोड व्हता नारळ, आगदी गोड. ह्यांचं भांडान मिटावं म्हून बोलले म्या."

"मग आमची लेक!" गणराज ओरडला.

"आमची सून!" ज्ञानेश ओरडला.

भिमाजी सरांनी सवयीनं शिट्टी फुंकली आणि त्यामुळं गोंधळ आणखीच वाढला. तोवर तिकडं पोरं बाकावर चढली होती. "सर, पुन्हा दाखवा!" "आधी कोणी ओढला ते बघू!" "पाहुणे कोण होते हो?" "मॅडम, ही फीत इतकी वर्षं कुठं होती?" परीक्षेचं कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

चित्राबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एवढ्या गलक्यात निसळांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, 'कुठं दिसतंय' म्हणाली ना ती? मी नीट ऐकलं ना?"

"ऐकलंस. मीही ऐकलं."

"मग झालं माझं," चित्राबाई म्हणाल्या. "आता मी निवृत्त."